६ लाख ६४ हजार की ७६ लाख? अमेरिकेतल्या काउंटी जेलांमधली माणसं कशी मोजतात

प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीला अमेरिकेतल्या स्थानिक जेलांवर प्रबंध लिहायचा आहे. २०२३ च्या सरकारी अहवालात तिला एका ठिकाणी ६,६४,२०० कैदी असा आकडा सापडला आणि काही ओळींनंतर ७६ लाख असा दुसरा. एका काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आपल्या संकेतस्थळावर लावलेली कैद्यांची यादी तिने मोजून पाहिली, तर ती सरकारी आकड्याशी जुळली नाही. यातला खरा आकडा कोणता आणि एका काउंटीची आकडेवारी स्वतः गोळा करायची झाली तर सुरुवात कुठून करायची, असं तिने विचारलं आहे.

माझी नोकरीची बरीच वर्षं ही आकडेवारी गोळा करण्यात आणि तपासण्यात गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकाच जागेबद्दलचे आहेत. पहिला आकडा म्हणजे एका ठरावीक दिवशी आत किती जण होते. दुसरा म्हणजे वर्षभरात किती वेळा कोणीतरी आत आलं. जेलांवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिला आकडा धरतात आणि त्यावरून दुसऱ्याबद्दल बोलायला लागतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी कोणत्या जागांबद्दल बोलतोय ते सांगतो. अमेरिकेत राज्य सरकारचे आणि केंद्राचे तुरुंग वेगळे. तिथे शिक्षा झालेली माणसं वर्षानुवर्षं असतात. स्थानिक जेल काउंटीचं किंवा शहराचं असतं आणि बहुतेक ठिकाणी निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, ते चालवतो. अटक झाली की माणूस पहिल्यांदा इथे येतो. जामिनाची वाट पाहणारे, खटल्याची वाट पाहणारे, वर्षभरापर्यंतची छोटी शिक्षा भोगणारे आणि दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रणेने ‘तात्पुरते ठेवा’ म्हणून सोपवलेले, असे सगळे इथेच असतात. अशी जेल चालवणारी सुमारे २,८५० स्थानिक प्रशासनं आहेत. कुठे दहा-बारा खाटांची एक इमारत, तर कुठे लॉस एंजेलिस काउंटीसारखा हजारो कैद्यांचा पसारा. कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट आणि अलास्का या सहा राज्यांत जेल आणि तुरुंग ही एकच राज्यव्यवस्था आहे, म्हणून स्थानिक जेलांच्या गणतीत ती नसतात. अपवाद अलास्कातल्या स्थानिक पातळीवर चालणाऱ्या मोजक्या छोट्या जेलांचा. देशाचा नकाशा रंगवताना ही राज्यं कोरी दिसली तर तिथे कैदी नाहीत असं समजू नका. हे वाचून हसू येईल, पण असे नकाशे मी छापलेले पाहिले आहेत.

आता त्या दोन आकड्यांकडे. रात्री बारा वाजता एसटी स्टँडवर किती माणसं आहेत हे मोजलं, तर दिवसभरात किती प्रवासी आले-गेले हे कळत नाही. वर त्या वेळी स्टँडवर जी सापडतात ती बहुतेक करून अडकलेली माणसं असतात. जेलचं तसंच आहे. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका जेलमध्ये दहा जण आले. सात जण दोन-दोन दिवसांत सुटले, दोघे वीस-वीस दिवस राहिले आणि एक जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून २६० दिवस राहिला. एकूण ३१४ दिवस झाले, म्हणजे सरासरी मुक्काम साधारण ३१ दिवस. पण एकतीस दिवस राहिलेला माणूस या दहांत एकही नाही. शिवाय त्या ३१४ पैकी २६० दिवस एकट्याचे आहेत. मधल्या कुठल्याही एका दिवशी तुम्ही मोजायला गेलात, तर तुम्हाला बहुधा तोच भेटेल. सात जण आले कधी आणि गेले कधी, याचा एका दिवसाच्या गणतीला पत्ताही लागणार नाही. तरीही त्या दोन दिवसांत कुणाची नोकरी गेली असेल, कुणाची रोजची औषधं चुकली असतील.

म्हणून ‘जेलमधल्या लोकांपैकी इतके टक्के गंभीर गुन्ह्यातले आहेत’ असं वाक्य वाचलं की मी आधी विचारतो, कोणत्या लोकांपैकी? एका दिवशी आत असलेल्यांपैकी की वर्षभरात आत आलेल्यांपैकी? गंभीर गुन्ह्यातली माणसं जास्त दिवस राहतात, म्हणून एका दिवसाच्या गणतीत त्यांचं प्रमाण फुगतं. किरकोळ गुन्ह्यातली माणसं भराभर येतात-जातात, म्हणून प्रवेशांच्या गणतीत त्यांचं प्रमाण मोठं दिसतं. शेरीफला नवी इमारत बांधायची असेल तर तो पहिला आकडा पुढे करतो, जामीन-सुधारणेच्या बाजूचे लोक दुसरा. खोटं कोणीच बोलत नाही.

या दोन आकड्यांना जोडणारा धागा म्हणजे मुक्कामाची लांबी. ७६ लाख प्रवेश गुणिले अहवालातला सरासरी मुक्काम ३२ दिवस भागिले ३६५ करून पाहा. साधारण ६ लाख ६६ हजार येतात, म्हणजे जवळपास पहिलाच आकडा. हा योगायोग मुळीच नाही. ३२ दिवसांची ती सरासरी कोणी प्रत्येक कैद्याचे दिवस मोजून काढलेली नसते. वर्षभरातली सरासरी दैनिक संख्या आणि प्रवेश यांच्या भागाकारातूनच ती काढतात. तेव्हा ‘आकडे एकमेकांशी जुळतात’ याला पुरावा समजू नका, ते जुळणारच. प्रत्यक्षात निम्मी माणसं किती दिवसांत सुटतात, हे या राष्ट्रीय पाहणीतून कळत नाही. त्यासाठी एकेका बुकिंगची, म्हणजे माणूस आत आणल्यावर झालेल्या प्रत्येक नोंदणीची, माहिती लागते.

हा धागा हातात असला की काय दिसतं, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कोविडचा काळ. जून २०१९ मध्ये जेलांत ७,३४,५०० जण होते आणि जून २०२० मध्ये ५,४९,१००. एका वर्षात चौथाई कैदी कमी झाले. पुढच्या जूनला आकडा पुन्हा ६,३६,३०० वर गेला. अनेकांनी बातम्या दिल्या, की अटका पूर्ववत सुरू झाल्या. आता प्रवेश पाहा. जून २०१९ ला संपलेल्या वर्षात १ कोटी ३ लाख, पुढच्या वर्षी ८७ लाख आणि त्यापुढच्या वर्षी ६९ लाख. म्हणजे आत येणारे कमी होत होते आणि तरी आत असलेले वाढत होते. सरासरी मुक्काम २०१९ मध्ये सुमारे २६ दिवस होता, तो २०२१ पर्यंत ३३ वर गेला. न्यायालयं धिम्या गतीने चालत होती, खटले तुंबले होते आणि आत आलेला माणूस लवकर बाहेर पडत नव्हता. अटका वाढल्या म्हणणाऱ्यांनी एकच आकडा पाहिला होता.

मोजतं कोण? १९७० मध्ये पहिली राष्ट्रीय जेल-गणती झाली. १९७९ मध्ये न्याय विभागात ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्स म्हणजे बीजेएस स्थापन झाली आणि १९८२ पासून तिची वार्षिक जेल पाहणी सुरू आहे. काही वर्षांच्या अंतराने सगळ्या जेलांची पूर्ण गणती होते, जशी २०१३ आणि २०१९ मध्ये झाली. मधल्या वर्षांत नमुना पाहणी असते. त्यात मोठी जेल आणि अनेक काउंट्यांनी मिळून चालवलेली प्रादेशिक जेल सगळीच्या सगळी घेतात आणि बाकीच्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करतात. सगळी मिळून नऊशेच्या वर होतात. त्यामुळे या पाहणीवरून देशाचा अंदाज चांगला येतो, पण निवड न झालेल्या छोट्या काउंटीबद्दल ती काहीच सांगत नाही. अहवालात तुमची काउंटी सापडली नाही, तर माहिती दडवली असं लगेच म्हणू नका.

साधारणपणे मोजणी जूनमधल्या शेवटच्या कामाच्या दिवसाची असते. मधली काही वर्षं ती ३१ डिसेंबरला झाली होती, त्यामुळे लांब मुदतीची मालिका जोडताना तारीख बघूनच जोडा. कामाचाच दिवस का, तर शनिवार-रविवारचं जेल वेगळं असतं. शुक्रवारी रात्री दारू पिऊन गाडी चालवणारे आत येतात. शिवाय काही जणांना न्यायालयाने आठवडाभर कामावर जाऊन फक्त शनिवार-रविवार जेलमध्ये काढायची शिक्षा दिलेली असते. हे शनिवार-रविवारवाले कामाच्या दिवशी आत नसतात, पण जेलच्या देखरेखीखाली असतात, म्हणून फॉर्मवर त्यांचा रकाना वेगळा आहे.

फॉर्म दिसायला साधा असतो. भरणारा कोण, यावर सगळं अवलंबून. मोठ्या जेलमध्ये संगणक विभागातला कोणीतरी बुकिंगच्या प्रणालीवर क्वेरी चालवतो. छोट्या जेलमध्ये तोच डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा अधिकारी) सकाळी जेवण वाटतो, दुपारी कैद्याला कोर्टात नेतो आणि उरलेल्या वेळात फॉर्म भरतो. त्याला ‘३० जूनला किती होते’ विचारलं की तो भिंतीवरचा फलक बघून किंवा मध्यरात्रीच्या गिनतीच्या वहीतून आकडा देतो. हा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण गिनती ही त्याच्या नोकरीतली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. एक माणूस कमी भरला तर अख्खं जेल बंद करून पुन्हा मोजतात. वर्षभरातले प्रवेश मात्र त्याला कोणी रोज विचारत नाही, म्हणून तो आकडा कच्चा असतो. तोही वाईट हेतूने नव्हे. अटक करून आणलेला माणूस चार तास बाकावर बसला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढला आणि भावाने जामीन भरला म्हणून निघून गेला. हा प्रवेश धरायचा का? पाहणीची व्याख्या सांगते, की अधिकृत कागदावर दाखल करून आत ठेवलेलाच धरा. काही जेलांची प्रणाली मात्र प्रत्येक बुकिंगला नवा क्रमांक देते आणि क्वेरी चालवणारा क्रमांक मोजून मोकळा होतो. रुग्णालयातून परत आलेला किंवा कोर्टातून परत आणलेला कैदी पुन्हा प्रवेश म्हणून धरू नये, हीसुद्धा सूचना असते. तरी एखाद्या जेलचे प्रवेश आदल्या वर्षीपेक्षा अचानक दीडपट झाले, तर मी गुन्हेगारी वाढली का हे नंतर बघतो. आधी फोन करून विचारतो, सॉफ्टवेअर बदललंत का?

आणि प्रवेश म्हणजे माणसं नव्हेत. एकच माणूस वर्षात चार वेळा आला तर प्रवेश चार. बेघर, व्यसनाच्या आणि मानसिक आजाराच्या तावडीत सापडलेली काही माणसं तर डेप्युटींना नावानिशी ठाऊक असतात. ७६ लाख हा बुकिंगचा आकडा आहे. ‘७६ लाख अमेरिकन लोक जेलमध्ये गेले’ असं तुमच्या प्रबंधात लिहू नका.

आता जेलमधल्या खाटा भाड्याने देण्याचा व्यवहार. तो समजल्याशिवाय काउंटीचा कुठलाच दर वाचू नये. यूएस मार्शल्स सेवेकडे केंद्राच्या खटल्यांतले कच्चे कैदी असतात, पण तिची स्वतःची जेल नाहीत. ती स्थानिक जेलांत दररोजच्या दराने खाटा घेते. इमिग्रेशन खातंही अनेक ठिकाणी हेच करतं. लुइझियानात तर राज्याने शिक्षा दिलेल्या कैद्यांपैकी जवळजवळ निम्मे स्थानिक जेलांत ठेवलेले असतात आणि शेरीफच्या अंदाजपत्रकाला तो मोठा आधार असतो. कॅलिफोर्नियात सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये राज्य तुरुंगांतली गर्दी कमी करण्याचा आदेश कायम केला आणि ऑक्टोबर २०११ पासून बऱ्याच कमी गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांची जबाबदारी काउंट्यांवर आली. तुरुंग हलके झाले, जेल भरली. फक्त तुरुंगांचा आकडा बघणाऱ्याला वाटलं, एवढे कैदी सुटले.

यातून दोन भानगडी होतात. पहिली दुहेरी मोजणीची. जेलांची पाहणी ‘कोणाच्या भिंतींच्या आत’ हे मोजते आणि तुरुंगांची मुख्य आकडेवारी ‘कोणाच्या अधिकाराखाली’ हे मोजते. लुइझियानातल्या जेलमध्ये बसलेला राज्याचा कैदी दोन्हींत येतो. तुरुंगांचा आणि जेलांचा आकडा नुसता बेरजेला घेतलात तर तो दोनदा मोजला जातो. बीजेएस स्वतःची एकूण बेरीज करताना अशांना वजा करते, आपण विसरतो. दुसरी भानगड दराची. वीस हजार वस्तीच्या एखाद्या काउंटीने तीनशे खाटांचं जेल बांधून दोनशे खाटा मार्शल्सना भाड्याने दिल्या, तर दर लाख लोकसंख्येमागे तिचा कैद्यांचा दर भयानक दिसतो. त्या दोनशे जणांचा त्या काउंटीशी काडीचा संबंध नसतो. म्हणून कुठल्याही काउंटीचा दर काढण्याआधी ‘दुसऱ्यांसाठी ठेवलेले’ हा रकाना वेगळा काढा. उलट बाजूही असते. स्वतःची जागा नसल्याने काउंटी आपले कैदी शेजारच्या काउंटीत पैसे देऊन ठेवते आणि तिचं जेल रिकामं दिसतं.

दोषी ठरलेले आणि न ठरलेले हा रकाना सगळ्यांत जास्त उद्धृत होतो. २०२३ मध्ये जेलांतल्या साधारण ७० टक्के लोकांवर दोष सिद्ध झालेला नव्हता. देशाच्या पातळीवर यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण फॉर्म भरणाऱ्यासमोर येणारी माणसं इतकी सुबक नसतात. एका खटल्यात दोषी, दुसऱ्यात अजून निकाल नाही. तिसरा दोषी ठरलाय, शिक्षा पुढच्या महिन्यात सुनावणार. चौथा प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याच्या, अटी मोडल्या म्हणून आत आहे. त्याचा जुना दोष सिद्ध आहे आणि नव्या आरोपाचं काहीच ठरलेलं नाही. पाचव्याचा स्थानिक खटल्यातला जामीन मंजूर आहे, पण दुसऱ्या काउंटीचं वॉरंट असल्यामुळे दार उघडत नाही. जेलची प्रणाली यातला एकच शिक्का ठेवते आणि कोणता ठेवायचा हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने कधीतरी ठरवून टाकलेलं असतं. तुमच्या एका काउंटीच्या अभ्यासात हा रकाना जसाच्या तसा उचलू नका, आरोपवार नोंदी मागा. आणि ‘जामीन न परवडल्याने अडकलेले’ हा गट काढायचा असेल, तर ज्यांच्यावर दुसऱ्या यंत्रणेचा कसलाही अडसर नाही असेच धरा. नाहीतर विरोधी वकील पहिल्याच मिनिटाला तुमचा तक्ता फाडून टाकेल.

वंशाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. काही जेलांत अधिकारी विचारतो, काहींत चेहरा बघून लिहितो आणि काहींत अटकेच्या कागदावरचंच उतरतं. जुन्या प्रणालींत हिस्पॅनिक (मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले) हा पर्यायच नसायचा, ते लोक गोऱ्यांत मोजले जायचे. त्यामुळे नैऋत्येकडच्या एखाद्या काउंटीत गोऱ्यांचं प्रमाण फार दिसलं तर आधी आडनावांची यादी चाळून पाहा. क्षमतेच्या रकान्यावर तर मी फार वेळ घालवत नाही. वास्तुविशारदाने आखलेली क्षमता वेगळी, तपासणी यंत्रणेने मान्य केलेली वेगळी. एकूण क्षमतेच्या ८० टक्केच भरलेल्या जेलमध्येसुद्धा एखाद्या कोठडीत माणूस जमिनीवर प्लास्टिकच्या उथळ होडक्यासारख्या खाटेवर झोपलेला असतो. त्या खाटेला तिथे ‘बोट’च म्हणतात. महिला, पुरुष, आजारी, जोखमीचे असे सगळे वेगवेगळे ठेवावे लागतात, त्यामुळे रिकामी खाट नेहमी भलत्याच विभागात असते.

मृत्यूंच्या आकड्यांवर मात्र थांबायलाच हवं. कोठडीतले मृत्यू कळवण्याचा कायदा २००० मध्ये झाला आणि त्या वर्षापासून बीजेएसने प्रत्येक स्थानिक जेलकडून मृत्यूंची एकेक नोंद मागायला सुरुवात केली. २०१९ मध्ये स्थानिक जेलांत १,२०० मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या साधारण ३० टक्के आत्महत्या होत्या. कितीतरी वर्षं जेलांतल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं एकेरी कारण आत्महत्या हेच राहिलं आहे, आणि तीन मृत्यूंपैकी एकाहून जास्त आत आल्यापासून पहिल्या आठवड्यात होतात. आता दर काढायचा तर भागायचं कशाने? रूढ पद्धत सरासरी दैनिक संख्येने भागण्याची. पण धोका जर पहिल्या काही दिवसांत एकवटलेला असेल, तर ज्या जेलमध्ये माणसं भराभर येतात-जातात तिथे पहिल्या दिवसांतून जाणारी माणसंच कितीतरी जास्त असतात. दैनिक संख्या शंभर असलेली दोन जेल घ्या. एकात वर्षाला सहाशे प्रवेश, दुसऱ्यात पाच हजार. दोघांत वर्षाला एकेक मृत्यू झाला तर रूढ दर सारखाच येतो, पण काळजी घेण्यात दुसरं जेल बहुधा बरंच पुढे आहे. मी दोन्ही दर शेजारी-शेजारी ठेवतो. वाचणाऱ्याला थोडा त्रास होतो, होऊ द्या.

मृत्यू निसटतात कसे, हेही माहीत असू द्या. माणूस कोठडीत कोसळला, रुग्णालयात नेला, डॉक्टरांनी आशा सोडली आणि न्यायाधीशाकडून कागद आणून त्याला ‘मुक्त’ केलं. दोन दिवसांनी तो गेला. जेलच्या दृष्टीने तो कैदी नव्हताच. कधी कुटुंबाला शेवटी जवळ राहता यावं म्हणूनही हे केलं जातं, त्यामुळे प्रत्येक वेळी लपवाछपवीच असते असं नाही. पण नोंद जाते ती जातेच. एका काउंटीचा अभ्यास करताना मी सुटकेचं कारण ‘वैद्यकीय’ असलेली बुकिंग वेगळी काढतो आणि त्यानंतरच्या महिन्याभरातल्या मृत्यूंशी ताडून पाहतो. २०१४ मध्ये कायदा नव्याने मंजूर झाल्यावर पुढे ही गोळाबेरीज बीजेएसकडून न्याय विभागाच्याच अनुदान देणाऱ्या शाखेकडे, राज्यांमार्फत, गेली. सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, एका उपसमितीने २०२२ मध्ये दाखवून दिलं, की २०२१ या आर्थिक वर्षातले तुरुंगांतले आणि अटकेदरम्यानचे मिळून निदान ९९० मृत्यू त्या नव्या गणतीत आलेच नव्हते. माझ्या मते यामागचं कारण साधं आहे. बीजेएसला दिलेली माहिती कायद्याने फक्त संख्याशास्त्रासाठी वापरता येते, तिच्या आधारे कोणावर कारवाई होत नाही. शेरीफचा माणूस त्या भरवशावर फॉर्म भरतो. तोच फॉर्म निधीच्या कपातीशी जोडला आणि मध्ये राज्याचं एक कार्यालय बसवलं, की फोनवर मोकळेपणाने बोलणारा माणूस ‘वकिलांना विचारून सांगतो’ म्हणायला लागतो.

ज्याची उणीव मला सतत जाणवते, ते म्हणजे कैद्यांशी प्रत्यक्ष बोलून केलेली पाहणी. जेलच्या नोंदवहीत उत्पन्न नसतं, शिक्षण नसतं, घरी किती मुलं आहेत हे नसतं. त्यासाठी समोर बसून विचारावं लागतं. स्थानिक जेलांतल्या कैद्यांच्या मुलाखतींची अशी शेवटची राष्ट्रीय पाहणी निघाली २००२ मध्ये. जेलमधल्या माणसांच्या गरिबीबद्दल आजही जे लिहिलं जातं त्यात ती जुनी आकडेवारी डोकावते. तुम्ही वापरलीत तर वर्ष ठळक लिहा.

आता तुमच्या काउंटीकडे. संकेतस्थळावरची यादी अहवालाशी जुळत नाही, कारण ती वेगळ्या कामासाठी असते. नातेवाइकांना माणूस सापडावा म्हणून ती लावलेली असते. काही जेल केंद्राचे किंवा इमिग्रेशनचे कैदी यादीत दाखवत नाहीत, काही अल्पवयीनांना वगळतात, काही कालच सुटलेल्यांना आणखी एक दिवस ठेवतात. तरी या याद्या निरुपयोगी नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठातला एक प्रकल्प हजाराहून जास्त जेलांच्या याद्या रोज आपोआप उतरवून घेतो आणि राष्ट्रीय पाहणीत न दिसणारी रोजची हालचाल त्यातून दिसते. तुम्ही स्वतः असं काही केलंत, तर नावं आणि फोटो साठवू नका. सुटल्यावर यादीतून गेलेलं नाव तुमच्या फाइलमध्ये कायमचं राहतं आणि यातल्या बहुतेकांवर दोष सिद्ध झालेला नसतो. नावाच्या जागी एक सांकेतिक क्रमांक पुरतो.

त्याआधी राज्याकडे काही तयार आहे का ते बघा. टेक्ससमध्ये जेलांच्या मानकांचा आयोग दर महिन्याच्या पहिल्या तारखेची काउंटीवार संख्या प्रसिद्ध करतो. कॅलिफोर्नियातही राज्य मंडळाची जेल पाहणी आहे. सगळ्याच राज्यांत असं नाही.

तयार काही नसेल तर माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली शेरीफच्या कार्यालयाला पत्र लिहा. ‘तुमच्या जेलची आकडेवारी द्या’ असं लिहू नका, त्यावर एक पानी पीडीएफ येते. बुकिंगमागे एक ओळ मागा. आत आल्याची तारीख-वेळ, सुटल्याची तारीख-वेळ, सुटकेचं कारण, कोणत्या यंत्रणेसाठी ठेवलं, आरोप, जामिनाची रक्कम आणि माणसाचा कायम राहणारा अंतर्गत क्रमांक. कालावधी सांगताना ‘या दोन तारखांच्या दरम्यान एक दिवस जरी आत असलेले सगळे’ असं स्पष्ट लिहा. ‘या काळात बुक झालेले’ असं लिहिलंत तर त्या आधीपासून आत बसलेले, म्हणजे नेमके सगळ्यांत जास्त दिवस अडकलेले, तुमच्या हातून सुटतील आणि कालावधीच्या सुरुवातीला जेल रिकामं होतं असं दिसेल. नोंदी काढण्याचा खर्च मागतात. तो भारी वाटला तर काळ कमी करा, रकाने कमी करू नका.

फाइल आली की सरासरी आणि टक्केवारी काढायच्या आधी एक काम करा. प्रत्येक दिवसासाठी, त्या दिवशी मध्यरात्री आत किती असायला हवेत हे नोंदींवरून मांडा आणि जेलच्या स्वतःच्या गिनतीच्या वहीतले काही दिवस मागून त्याच्याशी ताडा. पहिल्या फेरीत तुमचा आकडा जवळजवळ नेहमी जास्त येतो, कारण सुटकेची तारीख कोरी राहिलेल्या जुन्या ओळी फाइलमध्ये पडून असतात. कागदोपत्री ही माणसं अजून आतच असतात. माणूस दुसऱ्या काउंटीच्या ताब्यात दिला आणि कोणी ओळ बंद केली नाही, किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नोंदी आणताना तो रकाना गळाला. अशा ओळी स्वतःच्या अंदाजाने उडवू नका, कारण त्यांत एखादा खरोखरच तीन वर्षं खटल्याची वाट पाहणाराही असतो. त्यांची क्रमांकवार यादी करून जेलच्या नोंदणी कक्षात पाठवा. तिथला एखादा जुना कारकून ती यादी एका दुपारी तपासून देतो, आणि कोणता रकाना किती भरवशाचा, हे त्याच फोनवर त्याला विचारून घ्या.